सरावाचं पुस्तक मागून उघडा

चवथीच्या आदल्या आठवड्यात भाची दोन पुस्तकं घेऊन घरी आली. दोन्ही जीआरईची, म्हणजे परदेशात पुढचं शिकायला जाणारे देतात त्या परीक्षेची. एक उशीएवढं जाड, मुखपृष्ठावर आतल्या प्रश्नांचा आकडा सोनेरी अक्षरांत. दुसरं त्याच्या निम्मं. दुकानदाराने ओळखीवर रात्रभरासाठी दोन्ही घरी न्यायला दिली होती. फोंड्यात अजून असं चालतं.

"मावशी, जाडं घेऊ ना? किंमत जवळजवळ तेवढीच आहे."

मी जाडं पुस्तक घेतलं आणि शेवटच्या पानापासून चाळायला लागले. उत्तरं म्हणजे अ, ब, क, ड यांची नुसती रांग, दोन पानांत तीनशे. निबंधाच्या भागात 'आर्ग्युमेंट' निबंधाचे वीस नमुने. तो निबंध जीआरईतून सप्टेंबर २०२३ मध्येच गेलाय. पुस्तक दुसऱ्या दिवशी परत गेलं.

संध्याकाळी माझ्याकडे पदवीची मुलं गणिताचा सराव करायला येतात. फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजातली गेटसाठी (एमटेकचा प्रवेश), बीएस्सीची जॅमसाठी (एमएस्सीचा प्रवेश), कुणी साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटवर डोळा ठेवून कॅटसाठी (एमबीएचा प्रवेश), एखादं बाहेरदेशी जायचं म्हणून जीआरई किंवा जीमॅटसाठी (बाहेरचं एमबीए). प्रत्येकाच्या पिशवीत एक पुस्तक असतंच आणि ते कसं निवडलं विचारलं तर उत्तर ठरलेलं: मित्राकडे होतं, नाहीतर ऑनलाइन पहिलं तेच दिसलं. म्हणून पुस्तक पारखायची माझी रीत इथे लिहून ठेवते. दुकानात अर्धा तास आणि घरी एक संध्याकाळ, एवढंच लागतं.

ही रीत मला फुकट मिळालेली नाही. माझ्या स्वतःच्या तयारीच्या दिवसांत एका पुस्तकातल्या संभाव्यतेच्या प्रश्नाने माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या. माझं उत्तर छापील उत्तराशी जुळेना. शेवटी जुळवायचंच म्हणून मी माझी बरोबर रीत मोडली, छापील उत्तर येईल अशी नवी रीत बसवली आणि परीक्षेत तीच वापरून आले. छापील उत्तर चुकीचं होतं हे मला नंतर कळलं.

दुकानात जाण्याआधी

सोनाराकडे कसोटीचा दगड असतो. आपला दगड म्हणजे खरी प्रश्नपत्रिका. ती न सोडवता सरावाचं पुस्तक घ्यायला जाऊ नका, कारण तुलना कशाशी करणार?

खरा माल फुकट मिळतो. गेट आणि जॅमच्या जुन्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळांवर असतात, उत्तरसूचीसकट. कॅटच्या संकेतस्थळावर सरावपरीक्षा मिळते. जीआरई घेणारी ईटीएस 'पॉवरप्रेप'च्या दोन पूर्ण परीक्षा मोफत देते आणि जीमॅटवाले त्यांच्या स्टार्टर किटमध्ये दोन. यातली एक घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवा. पंख्याखाली, फोन दुसऱ्या खोलीत.

मग एका कागदावर चार गोष्टी उतरवा: प्रश्नांचे प्रकार, प्रत्येकाची संख्या, वेळ आणि कॅलक्युलेटर मिळतो की नाही. गेटसाठी तो कागद असा दिसेल: ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास. एक उत्तर बरोबर असलेले प्रश्न, एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकणारे प्रश्न (मुलं त्यांना एमएसक्यू म्हणतात) आणि आकडा स्वतः टाइप करायचे प्रश्न. निगेटिव्ह मार्किंग फक्त पहिल्या प्रकाराला. पडद्यावर कॅलक्युलेटर. जॅमसाठी: ६० प्रश्न, ३ तास, त्यातले ३० एकच उत्तर बरोबर असलेले, १० एमएसक्यू, २० आकड्यांचे. हा कागद घडी करून खिशात घाला. दुकानात तोच लागणार आहे.

गोवा विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षेला मी वेगळं पुस्तक घ्यायला सांगत नाही. तिथे पदवीची पाठ्यपुस्तकंच पुन्हा नीट वाचावीत.

वर २०२६, आत २०१०

दुकानात पहिली दोन मिनिटं पुस्तकाचं वय ओळखण्यात घालवा. मुखपृष्ठावरच्या वर्षावर जाऊ नका. आतलं दुसरं-तिसरं पान, जिथे बारीक अक्षरांत आवृत्ती आणि पुनर्मुद्रणाच्या तारखा असतात, ते वाचा. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला, एवढंच. कव्हर नवं, पोट जुनं असा माल पुष्कळ असतो.

ते पान गुळमुळीत असलं तरी पुस्तकाचं वय लपत नाही, कारण परीक्षा बदलल्याच्या खुणा आत राहून जातात. मी या खुणा शोधते:

जीआरईच्या पुस्तकात विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न दिसले, किंवा गुण ८०० पैकी मोजलेले दिसले, तर मूळ मजकूर २०११ पूर्वीचा. त्या वर्षी ते प्रकार गेले आणि गुणांची पट्टी १३० ते १७० झाली. दोन निबंध असतील तर सप्टेंबर २०२३ पूर्वीचा. आताची परीक्षा २ तासांहूनही थोडी कमी वेळाची आहे: एक निबंध, भाषेचे २७ प्रश्न, गणिताचे २७.

जीमॅटच्या पुस्तकात वाक्य दुरुस्त करायचे प्रश्न, भूमितीचा धडा किंवा निबंध असेल तर ते २०२३ च्या नोव्हेंबरआधीच्या परीक्षेचं आहे. नव्या परीक्षेत गणित, भाषा आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांवरचे प्रश्न) असे तीनच भाग, प्रत्येकी ४५ मिनिटांचे. गुण २०५ ते ८०५ आणि प्रत्येक गुणसंख्येचा शेवट ५ ने. '७२० मिळवा' असं कव्हरवर असेल तर पुस्तक तिथेच ठेवा. आता ७२० हा आकडा कुणाला मिळूच शकत नाही.

गेटच्या पुस्तकात एमएसक्यूच नसतील तर २०२१ पूर्वीचं. कॅटच्या पुस्तकात सगळेच प्रश्न पर्यायांचे असतील, उत्तर टाइप करायचा एकही नसेल, तर २०१५ पूर्वीचं.

जुनं पुस्तक म्हणजे टाकाऊ असं मी म्हणत नाही. जीमॅटच्या जुन्या पुस्तकातलं अंकगणित आजही चालतं. पण मग ते जुन्याच्या भावात घ्या, नव्याच्या नव्हे.

आता पुस्तक उलटं करा

सरावाच्या पुस्तकाचा जीव स्पष्टीकरणांत असतो. प्रश्न कुणीही गोळा करतो. आपण चुकलो तेव्हा कुठे चुकलो हे सांगणारं पुस्तक घडवायला वेळ आणि डोकं लागतं. म्हणून मी आधी मागची पानं बघते, पुढची नंतर.

प्रश्नांची पानं आणि उत्तरांची पानं यांचं प्रमाण डोळ्यांनीच मोजा. चारशे पानं प्रश्न आणि वीस पानं उत्तरं असतील तर तो प्रश्नांचा गठ्ठा आहे. मला निदान बरोबरीने पानं लागतात.

नंतर एक सोपा प्रश्न घेऊन त्याचं स्पष्टीकरण वाचा. उदाहरणच घेऊ. फोंडा ते पणजी ३० किलोमीटर धरा. जाताना गाडी ताशी ३० ने गेली, येताना त्याच रस्त्याने ताशी ६० ने आली. सरासरी वेग किती?

वाईट पुस्तक लिहितं: "सूत्र २कख/(क+ख) = २×३०×६०/९० = ४०. उत्तर ब." झालं. ज्याला सूत्र माहीत होतं त्याला याची गरज नव्हती, ज्याला माहीत नव्हतं त्याला काही कळलं नाही.

चांगलं पुस्तक आधी तुमच्या मनात आलेलं ४५ पकडतं. ३० आणि ६० यांची सरासरी ४५, बहुतेकजण तेच लिहितात. मग ते सांगतं की जायला १ तास लागला, यायला अर्धा. हळू वेगात गाडी दुप्पट वेळ होती, म्हणून सरासरी ३० कडे झुकणार. एकूण ६० किलोमीटर, एकूण दीड तास, म्हणून ४०. आणि शेवटी एक ओळ टाकतं: दोन्ही वेगांनी गाडी सारखंच अंतर न जाता सारखाच वेळ गेली असती तर ४५ बरोबर ठरलं असतं. या शेवटच्या ओळीसाठी मी पैसे मोजते. ती वाचलेला मुलगा प्रश्न थोडा फिरवून आला तरी फसत नाही.

भाषेच्या प्रश्नांना हीच कसोटी वेगळ्या रूपात लावा. उताऱ्यावरच्या प्रश्नाचं स्पष्टीकरण उताऱ्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवतं का? उरलेले पर्याय का नाकारले, हे प्रत्येकाबद्दल सांगतं का? "उताऱ्याचा एकंदर सूर पाहता क योग्य वाटतो" असलं काही दिसलं की समजा, लिहिणाऱ्यालाही उत्तरसूचीतूनच उत्तर कळलंय.

इथल्या मुलांसाठी अजून एक गोष्ट बघते. आमच्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजीत. इंग्रजी येतं, पण लांबलचक, अलंकारिक इंग्रजीतलं स्पष्टीकरण वाचताना गणित बाजूला राहतं आणि वाक्यच सोडवत बसावं लागतं. म्हणून स्पष्टीकरणाचा एक परिच्छेद मनात मराठीत (नाहीतर कोंकणीत) सांगून बघा. दोन वाक्यांत सांगता आला तर लेखक सरळ लिहितो. शब्दसंग्रहाच्या पुस्तकाला हे लागू नाही. तिथे कठीण इंग्रजीसाठीच तर पैसे देतो.

चुकीचे पर्याय कोणी लिहिले?

याकडे कुणी बघत नाही. पर्यायांचा प्रश्न लिहिणाऱ्याला बरोबर उत्तर आपोआप मिळतं. खरी मेहनत चुकीच्या तीन पर्यायांत असते.

आपल्याच प्रश्नाला पर्याय असे दिले समजा: १२, ४०, ७५, ११०. इथे गणित करायलाच नको. सरासरी वेग ३० आणि ६० यांच्या मधेच असणार, मधे एकच आकडा आहे, तो ४०. अशा पुस्तकातले शंभर प्रश्न सोडवून तुम्हाला ९० गुण पडतील, तुम्ही खूश व्हाल आणि खऱ्या परीक्षेत आपटाल.

आता हे पर्याय बघा: २०, ४०, ४२, ४५. ४५ त्याच्यासाठी, ज्याने साधी सरासरी काढली. २० त्याच्यासाठी, जो परतीचं अंतर धरायला विसरला आणि ३० ला दीडने भागून मोकळा झाला. ४२ च्या जवळपास येतो तो, जो दोन वेगांचा गुणाकार करून वर्गमूळ काढतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक चुकणारा माणूस उभा आहे. ज्याने असे पर्याय लिहिले त्याने मुलं शिकवलेली आहेत.

पारखायची युक्ती: पुस्तकातले पाच प्रश्न घ्या, प्रश्न न सोडवता फक्त पर्याय वाचा आणि अंदाजाने उत्तर ठरवा. पाचपैकी चार बरोबर आले तर पुस्तक खाली ठेवा.

आकडा टाइप करायच्या प्रश्नांत पर्याय नसतात, तिथे वेगळं बघा. गेटच्या उत्तरसूचीत अशा प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा पट्ट्यात असतं, म्हणजे समजा ३.१३ ते ३.१५. पुस्तकाने किती दशांश स्थळांपर्यंत उत्तर हवं हे प्रश्नात सांगितलेलंच नसेल, तर लेखकाने खरी प्रश्नपत्रिका नीट वाचलेली नाही. तसंच एमएसक्यूत अर्धं बरोबर आलं तर अर्धे गुण देणारं पुस्तक. तसे अर्धे गुण गेटमध्ये नाहीत, जॅममध्येही नाहीत. एकही पर्याय चुकला किंवा राहिला की शून्य.

उत्तरसूची खरी आहे का

चुका सगळ्या पुस्तकांत असतात. किती, हाच प्रश्न.

मुलं दहा प्रश्न तपासतात, दहाही जुळले की निर्धास्त. थोडं गणित करू. समजा पुस्तकातली शंभरातली पाच उत्तरं चुकीची आहेत, जे भयंकर आहे. तुम्ही सहज उचललेले दहा प्रश्न तपासलेत तर त्यांत एक तरी चूक सापडण्याची शक्यता ४० टक्केच. वीस तपासलेत तर ६४. चाळीस तपासलेत तर ८७ च्या घरात. म्हणजे दहा जुळले यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. वीस तरी हवेत, आणि तेही सलग पहिल्या धड्यातले नकोत. पहिला धडा सगळेच नीट तपासून छापतात. समोर उभ्या असलेल्या स्कूटरच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे घ्या, ते पान उघडा. मग पुढच्या स्कूटरचे, त्यात शंभर मिळवा, दोनशे मिळवा. शेवटच्या धड्यांतले निदान सात-आठ प्रश्न येऊ द्या.

हे दुकानात उभं राहून होत नाही, खरंय. घरी न्यायला दिलं तर उत्तम. नाहीतर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनची संस्था, तिथे जाऊन आधी बघा. नेमकं तेच पुस्तक नसलं तरी त्याच लेखकाचं दुसरं, किंवा जुनी आवृत्ती मिळू शकते. ऑनलाइन घेत असाल तर नमुन्याची पानं. पण ती पहिल्या धड्याचीच असतात, हे लक्षात असू द्या.

उत्तर जुळलं नाही तर लगेच पुस्तकाला नावं ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने पुन्हा सोडवा. मग कुणाला तरी दाखवा. बहुतेक वेळा चूक आपलीच निघते.

सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांचं पुस्तक असेल तर एक झटपट परीक्षा आहे आणि ती मला फार आवडते. गेटच्या अंतिम उत्तरसूचीत काही प्रश्नांपुढे उत्तराऐवजी 'एमटीए' लिहिलेलं असतं. प्रश्नच सदोष निघाला, म्हणून सगळ्यांना गुण. असा एखादा प्रश्न अधिकृत सूचीतून शोधा आणि पुस्तकात तोच काढा. पुस्तकाने "हा प्रश्न सदोष होता, सर्वांना गुण मिळाले" असं लिहून दोष कुठे होता ते सांगितलं असेल, तर डोळे झाकून घ्या. आणि त्याच सदोष प्रश्नाचं ऐटीत, पायरी-पायरीने, एक 'बरोबर' उत्तर काढून दाखवलं असेल, तर बाकीच्या पानांवर कसा विश्वास ठेवणार?

कॅटच्या जुन्या प्रश्नपत्रिकांबाबत आणखी सावध राहा. २००९ साली ती परीक्षा संगणकावर गेली आणि पुढची कित्येक वर्षं प्रश्नपत्रिका अधिकृतपणे बाहेर येत नव्हत्या. त्या काळातला 'मूळ पेपर' म्हणून जो छापतात तो परीक्षा देऊन आलेल्यांच्या आठवणीवरून लिहिलेला. सरावाला हरकत नाही, पुरावा म्हणून धरू नका.

फार कठीण पुस्तकाचा मोह

हुशार मुलं सोप्या पुस्तकाने फसत नाहीत, कठीण पुस्तकाने फसतात. "हे केलं की परीक्षा सोपी जाईल" असं म्हणून एकेका प्रश्नावर वीस मिनिटं घालवतात.

घड्याळ लावा. जीआरईत गणिताचे २७ प्रश्न ४७ मिनिटांत, म्हणजे एकाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास. पुस्तकातला प्रश्न, रीत माहीत असूनही, पाच मिनिटांची आकडेमोड मागत असेल तर तो त्या परीक्षेचा प्रश्न नाही. जीआरईत पडद्यावर कॅलक्युलेटर असतो. नुसती आकडेमोड तिथे कोण तपासतंय? जीमॅटच्या गणितात मात्र कॅलक्युलेटर नाही, त्यामुळे तिथले आकडे बहुधा हाताने सुटतील असे बेतलेले असतात. जीमॅटच्या पुस्तकात ४७.३ गुणिले ८.९१ दिसलं की मला हसू येतं.

उलट बाजूही बघा: एका धड्यातले पहिले पाच आणि शेवटचे पाच प्रश्न सारखेच सोपे असतील, तर शेवटचे वीस सोडवून काही मिळणार नाही.

कागद, छपाई, अभिप्राय

फुटपाथवरची किंवा झेरॉक्स करून बांधलेली चोरटी प्रत घेऊ नका. ती चोरी तर आहेच, वर घातांकातलं बारीक वजाचं चिन्ह छपाईत उडतं आणि तुम्ही बरोबर असून चूक ठरता. ऑनलाइन अभिप्रायांपैकी पाच तारेवाले सोडून द्या. पुस्तक हातात पडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात, पॅकिंग छान होतं वगैरे. तीन तारेवाले वाचा, त्यातही पान क्रमांक किंवा प्रश्न क्रमांक देऊन तक्रार करणारे. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर शुद्धिपत्र असेल तर ती बदनामी समजू नका. मी तरी शुद्धिपत्र देणाऱ्याचं पुस्तक आधी घेते.

बांधणी बघा. कॅट नोव्हेंबरात, गेट आणि जॅम फेब्रुवारीत, म्हणजे पुस्तक आपल्या पूर्ण पावसाळ्यातून जाणार. नुसत्या गोंदाची बांधणी जुलैत सुटते आणि पानं हातात येतात. शिवलेली मिळाली तर पन्नास रुपये जास्त द्या. भिंतीला टेकून ठेवू नका, बुरशी धरते.

सेकंडहँड प्रत, आवृत्ती चालू असेल तर, मी नव्यापेक्षा पसंत करते. कुणीतरी पेन्सिलने "उत्तर चूक, पान २१४ पाहा" असं लिहून ठेवलेलं असतं. मात्र पर्यायांवर शाईच्या खुणा केलेली प्रत नको. डोळा आधी तिथेच जातो.

भाचीने शेवटी ते निम्म्या जाडीचं पुस्तक घेतलं. वीस प्रश्न तपासले तेव्हा त्यात एक चूक सापडली, पुढे सरावात आणखी एक. दोन्ही तिने आतल्या कोऱ्या पानावर प्रश्न क्रमांकासह लिहून ठेवल्या. आता ते पुस्तक शेजारच्या मुलाकडे आहे. परवा तो दाखवायला घेऊन आला होता. कोऱ्या पानावरच्या यादीत त्याच्या अक्षरात तिसरी चूक होती, आणि समोर प्रश्नचिन्ह. आम्ही दोघांनी बसून सोडवलं. चूक त्याची होती, त्याने ती ओळ खोडली.